स्वतःचं भाडं वाढवणाऱ्या वाठोरेबाई

भाडेकरू आणि घरमालकाची भांडणं मी पुष्कळ पाहिली होती. भाडं थकवणारे, दिव्याचे पैसे बुडवणारे, घर सोडताना दाराच्या कड्या उचकटून नेणारे, सगळे नमुने पाहून झाले होते. पण भाडेकरीण अंगणात उभी राहून ‘माझं भाडं वाढवा’ म्हणते आहे आणि घरमालक ‘नको, नको’ करत मागे सरकतो आहे, हे मी आदिलाबादेत पहिल्यांदा पाहिलं आणि हातात भरलेली बादली धरून तसाच उभा राहिलो. पाणी पायावर सांडत होतं, तेही मला कळलं नाही.

मी निखाडे, भीमपूरकडचा. आदिलाबादच्या मराठी शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो आणि कापूस बाजारामागे राजन्नाच्या लाईनीत एक खोली मिळाली होती. राजन्ना म्हणजे कापसाच्या जिनिंग गिरणीतला जुना फिटर. नोकरीत असताना त्याने पै-पै करून पाच बिऱ्हाडांची ही लाईन बांधली होती आणि अंगणापलीकडे स्वतः बायकोसह राहत होता. लाईनीतलं कोपऱ्यावरचं घर तेवढं रस्त्याला लागून होतं. कापसाच्या गाड्यांचा धुरळा आणि गलका सगळा त्याच घरात शिरायचा, म्हणून ते कोणाला नको असायचं. तिथे आमच्याच शाळेतल्या तिसरीच्या वाठोरेबाई राहायच्या. एकट्या.

“राजन्ना, सरकारनं डी.ए. वाढवला,” बाई सांगत होत्या. “या महिन्यापासून माहं भाडं वाढलं समजा.”

“अय्यो बाई, मी म्हटलं का वाढवा म्हणून?”

“तुमी काऊन म्हणसान? तुमाले थोडाच डी.ए. भेटते. महागाई काय मास्तरच्याच घरी येते का?”

डी.ए. म्हणजे महागाई भत्ता. आम्हा सरकारी नोकरांच्या आयुष्यातला एकमेव सण. तो लागला की स्टाफरूममध्ये पेढे यायचे, बायकांना साड्यांची आठवण व्हायची, दोन-चार जण जुनी उधारी फेडायचे. त्यातला वाटा घरमालकाला नेऊन द्यावा, ही कल्पना माझ्या सात पिढ्यांत कोणाला सुचली नसती. राजन्ना डोकं खाजवत घरात गेला आणि बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बापू, पाणी सांडून राह्यलं.”

तेव्हापासून वर्षानुवर्षं मी बाईंच्या शेजारी राहिलो, एकाच शाळेत शिकवलं, आणि त्यांनी मला धक्के देणं काही थांबवलं नाही.

दिसायला बाई ठेंगण्या, काटक. शाळेत जाताना कडक इस्त्रीची पांढऱ्या काठाची साडी, खांद्याला कापडी पिशवी, आणि चाल अशी की मागून येणाऱ्याने सायकल काढावी. वर्गात शुद्ध पुस्तकी मराठी बोलायच्या. वर्गाचा उंबरा ओलांडला की वऱ्हाडी सुरू. तेलुगू त्यांना वरून येणारी सरकारी पत्रं वाचण्यापुरती यायची, पण बाजारात भाजीवालीशी त्या ती इतक्या हिमतीने बोलायच्या की भाजीवालीच गोंधळून मराठीवर यायची. कोणाचं काही घ्यायचं नाही, हा त्यांचा बाणा. उगादीला, म्हणजे तेलुगू पाडव्याला, राजन्नाची बायको वाटीत कैरी-गुळाची पच्चडी पाठवायची. ती वाटी परत जाताना कधी रिकामी गेली नाही. करंजी, शंकरपाळे, काही नसलं तर मूठभर शेंगदाणे. माझ्या बायकोने एकदा त्यांना दोन भाकरी नेऊन दिल्या, तर संध्याकाळी दारात वांगी हजर. बायको म्हणाली, “या बाईंशी शेजारधर्म करायचा म्हणजे घरात भाजीच आणायला नको.”

पावसाळ्यात छपराचे कवेलू सरकले, घर गळायला लागलं की आम्ही चारही बिऱ्हाडं राजन्नाच्या नावाने ओरडायचो. बाई कमरेला पदर खोचून स्वतः शिडीवर चढायच्या. एकदा आमचे हेडमास्तर काही कामासाठी आले आणि त्यांनी आपल्या ज्येष्ठ शिक्षिकेला छपरावर पाहिलं. ते बिचारे खालून “बाई, उतरा, मी नंतर येतो” म्हणाले आणि गेलेच.

बाईंचं एक वाक्य होतं, पुन्हापुन्हा यायचं: “मी इथं राहते. मले कोणी ठेवून नाही घेतलं.”

याचा अर्थ मला एका मधल्या सुट्टीत कळला. शाळेत नवीन लागलेला एक पोरगा घर मिळत नाही म्हणून कुरकुर करत होता. नळ नाही, लांब आहे, भाडं जास्त आहे, असं त्याचं चाललं होतं. बाई डबा खाता खाता म्हणाल्या, “मी लागली तवा घर पाहाची माही पद्धत येगळी होती. आधी नाव सांगाची, मग घर पाहाची. उगाच आत जाऊन खोल्या कायले पाहा? मी म्हणाची, वाठोरे. बौद्ध हावो आमी. मग समोरचा म्हणे, अरे, कालच दिली बाई खोली. साऱ्या गावातल्या खोल्या कालच गेल्या होत्या.”

पोरगा डब्यात बघायला लागला. आम्ही सगळेच.

“राजन्ना शिडीवर होता,” बाई पुढे सांगत होत्या. “खालून ओरडून नाव सांगतलं. त्यानं वरूनच इचारलं, बाई, नळ दूर हाये, चालते का? म्या पुन्हा सांगतलं, वाठोरे. तो म्हणे, ऐकलं. पण नळ दूर हाये.”

एवढं सांगून त्यांनी डबा बंद केला आणि घंटा व्हायच्या आधीच वर्गावर गेल्या. मी शेतकऱ्याचा पोरगा, माझ्या घरी खाऊन-पिऊन सुख होतं. मला खोली अर्ध्या तासात मिळाली होती, आणि ती कशी मिळाली याचा मी कधी विचारच केला नव्हता.

म्हणून ती भाडेवाढ. राजन्नाने उपकार केले असं बाईंना कोणी म्हटलेलं चालायचं नाही. त्याने खोली दिली, आपण भाडं देतो, महागाई वाढली की भाडं वाढवतो. बरोबरीचा व्यवहार. आणि मला वाटतं, त्या व्यवहारातच त्यांची राजन्नावरची सगळी माया होती. ती त्यांना दुसऱ्या कुठल्या रीतीने दाखवता यायची नाही.

लाईनीत मात्र यावरून महाभारत व्हायचं. मधल्या खोलीत शांताबाई राहायची. नवरा जिनिंगमध्ये, हिचं तोंड बंदुकीसारखं. बाईंचं भाडं वाढलं की राजन्नाची बायको, जिला आम्ही सगळे अव्वा म्हणायचो, ती आमच्या दारापुढून जरा रेंगाळत जायची. बोलायची काही नाही, पण रेंगाळायची. शांताबाई मग नळावर बाईंना गाठायची.

“तुमाले पैसा जड झाला असन तर कुठं दान करा न बाई! आमच्या मुळावर काऊन उठता? कायदा हाये, रेंट कंट्रोल हाये!”

‘रेंट कंट्रोल’ हे दोन इंग्रजी शब्द आमच्या लाईनीत शेंबड्या पोरालाही यायचे. तेव्हाच्या आंध्रातला भाड्याचा कायदा जुना होता आणि भाडेकरूच्या बाजूचा होता. घरमालकाला मनात आलं म्हणून भाडं वाढवता येत नाही, मनात आलं म्हणून बिऱ्हाड बाहेर काढता येत नाही. काढायचं तर रेंट कंट्रोलरकडे जा, कारण दाखवा, आणि निकालाची वाट पाहत म्हातारे व्हा. या कायद्याच्या जोरावर आम्ही चौघं जुन्या काळातलं भाडं देत मजेत राहत होतो.

“कायदा चांगलाच हाये, शांता,” बाई घागर उचलत म्हणायच्या. “तू त्याच्यात राह्य. मी माह्या मर्जीनं देऊन राह्यली. मर्जीनं देणाराचा हात कायदा धरत नसते.”

असंच चाललं असतं. पण राजन्ना थकला, त्याला दम्याने धरलं, आणि करीमनगरला दिलेली एकुलती लेक नवऱ्याला घेऊन आदिलाबादेत राहायला आली. जावई बी-बियाणं आणि खतांच्या धंद्यातला. माणूस गोड. आवाज कधी चढायचा नाही. राजन्नाने आपल्यामागे घर लेकीला लिहून ठेवलं आणि कारभार हळूहळू जावयाकडे गेला. तो बाईंना ‘मॅडम’ म्हणायचा. येता-जाता हसून विचारायचा, “मॅडम, डी.ए. आला का?” बाईही हसायच्या. मला तो फार आवडायचा. चला, म्हटलं, नव्या पिढीतही कोणी गमत्या आहे.

त्याच सुमारास एका सकाळी मी दारात बसून दाढी करत होतो. राजन्ना काठी टेकत, मध्येच थांबून दम घेत बाईंच्या दाराशी आला. बाई शाळेची तयारी करून बाहेर पडतच होत्या.

“बाई,” राजन्ना म्हणाला, “या महिन्यापासून भाडं कमी द्या.”

माझा वस्तरा गालावरच थांबला. बाईही थांबल्या.

“काऊन?”

“असंच. मागच्या दोन टैमाला वाढवलं न तुमी, तेवढं काढून टाका. म्हातारा झालो. मले काय कराचा पैसा.”

“म्हातारे तुमी झाले राजन्ना, घर नाही झालं. कोणी काही म्हटलं का?”

“कोणी नाही म्हटलं.” राजन्नाने अंगणापलीकडे आपल्या घराकडे पाहिलं. “बाई, माहं ऐका. कमी द्या.”

बाईंचा चेहरा उतरला. मी त्यांना रागावलेलं पुष्कळदा पाहिलं होतं, पण हे वेगळं होतं. त्यांना लागलं होतं.

“राजन्ना, म्या कधी मागतलं का तुमाले, कमी करा म्हणून? एकटी बाई हाये, काही वर्सानं रिटायर होईन, कीव आली का? इतके वर्सं तुमी कधी अशी गोष्ट नाही केली. आता नका करू.”

“कीव नाही बाई, कीव नाही...”

“डी.ए. याच महिन्यात लागला. मी संध्याकाळी येऊन सांगणारच होती. भाडं कमी नाही होत, वाढून राह्यलं.”

राजन्नाने तोंड उघडलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं, हे मला आरशातूनही दिसत होतं. मग त्याला खोकल्याची उबळ आली, आणि ती थांबली तेव्हा तो काही न बोलता माघारी वळला. बाई त्या दिवशी मधल्या सुट्टीतही वर्गातच बसल्या. मी मात्र स्टाफरूममध्ये हा किस्सा मिटक्या मारत सांगितला. घरमालक म्हणतो कमी, भाडेकरू म्हणते जास्त, असा उलटा लिलाव कुठे पाहिला आहे का? सगळे पोट धरून हसले.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडी राजन्ना गेला. बाईंनी त्या दिवशी शाळेला सुट्टी टाकली, जी त्या स्वतःच्या तापातही टाकायच्या नाहीत.

आणि तेराव्यानंतर थोड्याच दिवसांत बाईंच्या हातात नोटीस पडली. घर खाली करा. फक्त बाईंना. आम्हा चौघांना काही नाही.

लाईन पेटून उठली. सगळ्यात आधी शांताबाई. “अरे, बापाचं राज हाये का! रेंट कंट्रोल हाये! बाई, भेऊ नका, आमी साऱ्याजणी कोर्टात येतो!” मलाही घोर वाटला नाही. कायदा आपला, वर्षानुवर्षांची वहिवाट आपली. मी बाईंना घेऊन कोर्टाजवळच्या एका जुन्या वकीलसाहेबांकडे गेलो. निजामाच्या काळात उर्दूत शिकलेला माणूस, मराठी बोलताना मध्येमध्ये उर्दू पेरायचा.

“रस्त्यावरचं घर आहे. बियाण्याचं दुकान टाकायचं असेल त्यांना,” नोटीस वाचून ते म्हणाले. “हरकत नाही. बाई, तुमचं भाडं किती?”

बाईंनी सांगितलं.

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. “फिरून सांगा.”

बाईंनी फिरून सांगितलं. वकीलसाहेब माझ्याकडे बघायला लागले, जणू मी काही गुन्हा करून बाईंना पुढे केलं आहे.

“कायदा बदलला, गुरुजी. तुम्हाला खबर नाही? हैदराबादेत दुरुस्ती झाली. आता एक रेघ मारली आहे. भाडं त्या रेघेच्या खाली असेल तर जुना कायदा, रेंट कंट्रोलर, सगळी हिफाजत. भाडं रेघेच्या वर गेलं की त्या घराला कायदाच लागू नाही. साधी नोटीस, साधा दावा, घर खाली. सरकारचं म्हणणं असं की एवढं भाडं देणारा माणूस काही गरीब नसतो, त्याचं त्याने बघावं.” त्यांनी सुस्कारा टाकला. “तुमचं भाडं रेघेच्या वर आहे, बाई. थोडंसंच. शेवटची वाढ झाली नसती, तर खाली राहिलं असतं.”

उभ्या लाईनीत सगळ्यात चोख भाडं देणारी बाई कायद्याच्या बाहेर, आणि जुन्या भाड्यावर फुकटासारखे राहणारे आम्ही चौघं आत! मी काहीतरी ओरडलोसुद्धा. वकीलसाहेबांनी हातानेच मला बसवलं.

बाईंनी एकच विचारलं. “ही दुरुस्ती कधी झाली?”

वकीलसाहेबांनी सांगितलं. ती राजन्ना दाराशी आला होता, त्याच्या आधीची होती.

आम्ही बाहेर आलो. कोर्टाच्या समोर चहाची टपरी होती, तिथे बाई बाकावर बसल्या. मला वाटलं, चक्कर येते आहे की काय.

“निखाडे,” त्या म्हणाल्या, “तो मले वाचवाले आला होता. आन म्या त्याले दारातून वापस लावला.”

मी ज्या किश्शावर स्टाफरूमला हसवलं होतं, तो हा होता. मी हातातला चहा तसाच बाकावर ठेवला.

वकीलसाहेबांना सगळी हकिकत सांगितली तेव्हा ते उलट खूष झाले. “मग झालं की काम! राजन्ना पावती देत होता का? नाही ना? मालकाने तोंडी भाडं कमी केलं, तुम्ही मान्य केलं. हे गुरुजी साक्षीला आहेत. एवढंच बयान द्या. बाकी मी बघतो. आणि तसं खोटंही नाही, कमी करा असं तो म्हणालाच होता.”

मी साक्षीला तयार होतो. सरळ सांगतो, मी पाठ करून ठेवलं होतं काय बोलायचं ते. शांताबाई तर, “म्या माह्या कानानं ऐकलं” असं आधीपासूनच गावभर सांगत सुटली होती. बाई हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. त्या दिवसांत त्या नुसत्याच अंगणात बसून राजन्नाच्या घराकडे पाहत असायच्या.

तारखेला बाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. न्यायाधीश तेलुगू, बाईंची मराठी तेलुगूत सांगायला एक कारकून. पलीकडे जावई पांढऱ्या शर्टात, हात जोडून. मागे बाकावर अव्वा. वकीलसाहेबांनी विचारलं, “घरमालक राजन्ना तुमच्याकडे आले होते का?”

“आले होते.”

“भाडं कमी करायला सांगितलं?”

“सांगतलं.”

“आणि तुम्ही ते मान्य केलं.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “म्या नाही मानलं. म्या त्याच दिवशी भाडं वाढवलं. त्याच्यानंतर दर महिन्याले वाढवलेलंच देत होती.”

कारकून बोलता बोलता थांबला आणि हळूच बाईंना विचारलं, “हेच सांगू?”

“हेच सांग, बापू. राजन्ना मले घरात ठेवाले आला होता. आता तो नाही म्हणून त्याच्या तोंडी गोष्टी घालून घर ठेवू काय?”

वकीलसाहेब खाली बसले. शांताबाईने कपाळावर हात मारला, त्याचा आवाज आला. आणि मी जावयाकडे पाहिलं. तो गोड चेहरा राखेसारखा झाला होता. सासरा खरंच आपल्या पाठीमागे बाईंकडे जाऊन आला होता, शांताबाईची ती नुसती थाप नव्हती, हे त्याला त्या क्षणी, भर कोर्टात कळत होतं.

व्हरांड्यात अव्वा आमच्याजवळ आली. जावई पायऱ्या उतरून पुढे गेला होता. अव्वाने बाईंचा हात धरला आणि आपल्या तेलुगू वळणाच्या मराठीत बोलायला लागली.

“बाई, तो रोज मले म्हणाचा, बाई नाराज झाली माह्यावर. म्या म्हटलं, जाऊन सांगून टाक न खरं. तो म्हणे, कसं सांगू? जावयाचं नाव घ्याव लागन. लेक त्याच्या घरात हाये.”

“जावयाचं काऊन?” मी विचारलं.

अव्वाने पायऱ्यांकडे पाहिलं. “हा जेवताना सांगत होता न, नवा कायदा आला म्हणून. म्हणे, कोपऱ्याचं घर अजून थोडं खाली हाये. म्हणे, आपल्याले काहीच नाही करा लागत. डी.ए. लागू द्या, बाई सोताच बाहेर येते.”

मी आयुष्यात इतका हादरलो नाही. ‘मॅडम, डी.ए. आला का?’ तो हसून विचारायचा, आणि आम्ही सगळे हसायचो. त्याने भाडं वाढवा म्हटलं नाही, धमकी दिली नाही, खोटं बोलला नाही, कायदा मोडला नाही. एका बाईचा चांगुलपणा किती तारखेला किती पुढे सरकतो, ते तो बघत बसला होता. मी पायऱ्या उतरून त्याची गचांडी धरायला निघालो होतो. बाईंनी मला दंडाला धरून थांबवलं. अव्वाचा हात त्यांनी दुसऱ्या हातात तसाच धरून ठेवला होता.

निकाल लागला. न्यायाधीश बिचारे भले होते; त्यांनी जितकी देता येईल तितकी मुदत दिली. बाईंनी तलमडुगुकडच्या एका शाळेत बदली मागून घेतली. तिथे शाळेच्याच आवारात एक जुनी खोली होती, तीत राहायची सोय होणार होती. रिटायर व्हायला जेमतेम दोन वर्षं राहिलेल्या बाईने खेड्यात बदली मागावी, याचं ऑफिसात सगळ्यांना नवल वाटलं. मला वाटलं नाही. आदिलाबादेत पुन्हा दारोदार जाऊन नाव सांगायचं त्यांच्या मनात नव्हतं.

जायच्या दिवशी टेम्पो दारात लागला. सामान ते केवढं! पलंग, पेटी, पुस्तकांची दोन पोती. शांताबाई सकाळपासून रडत होती आणि रडता रडता हमालांना शिव्या देत होती. सगळं भरून झालं तेव्हा बाईंनी कुलूप लावलं आणि मला म्हणाल्या, “चाल बापू, भाडं देऊन येऊ.”

“कसलं भाडं, बाई? घरातून काढलं त्यांनी तुम्हाला!”

“महिनाभर राह्यली न मी.”

अव्वा ओसरीवर खाटेवर बसली होती. जावई दाराच्या आत उभा होता. बाईंनी किल्ली खाटेवर ठेवली, रुमाल सोडला, आणि नोटा काढून मोजायला लागल्या. निम्म्याहून पुढे जाऊन त्या थांबल्या. रुमालात अजून नोटा होत्या. मला वाटलं, हिशेब चुकला.

“अव्वा,” बाई म्हणाल्या, “राजन्ना आला त्या दिवशीचं आन त्याच्या आधीच्या दोन टैमाचं वाढवलेलं काढून टाकलं. राजन्नानं सांगतलं होतं तेवढंच देऊन राह्यली.”

अव्वाने पैसे दोन्ही हातांत घेतले आणि पदर तोंडाला लावला. आतून जावई म्हणाला, “राहू द्या, मॅडम.”

“तुमाले नाही देऊन राह्यली,” बाई म्हणाल्या, आणि वळल्या.

सगळ्या आयुष्यात वाठोरेबाईंनी कोणाला कमी दिलेलं मी तेवढंच पाहिलं. अंगण ओलांडून त्या टेम्पोपर्यंत आल्या, ड्रायव्हरशेजारी चढून बसल्या. मला रडू आवरत नव्हतं, म्हणून मी नुसताच हात हलवत राहिलो. टेम्पो कापूस बाजाराच्या वळणाला लागला तरी बाईंनी हात हलवला नाही. एका हाताने त्यांनी टेम्पोची दांडी धरली होती, आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत त्या उरलेल्या नोटा होत्या.